मक्ता आणि महाल



वास्तुकलेविषयी बोलणारा वक्ता सामान्यतः एखादे मंदिर, एखादा किल्ला किंवा निदान एखादे जुने ग्रंथालय निवडतो, आणि श्रोत्यांचीही तीच अपेक्षा असते; तेव्हा आजच्या व्याख्यानासाठी मी एक द्यूतगृह निवडले आहे, हे कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात नवल नाही. परंतु ज्यांनी सिंगापूरची सहल केली आहे, किंवा केली नसली तरी सहलकंपन्यांची रंगीत पत्रके चाळली आहेत, त्यांना तीन उत्तुंग मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर आडवी ठेवलेली ती प्रचंड नौका निश्चित आठवत असेल. ‘मरीना बे सॅन्ड्स’ या नावाची ही वास्तू म्हणजे त्या नगरराज्याची जणू मुद्राच होऊन बसली आहे, आणि तिच्यासमोर कुटुंबासह छायाचित्र काढून घेणाऱ्या आपल्या सज्जन मध्यमवर्गीय प्रवाशाच्या मनात, आपण एका जुगाराच्या अड्ड्यापुढे उभे आहोत, असा विचार चुकूनही येत नाही. तो येऊ नये, अशीच या इमारतीची योजना आहे. ही योजना वास्तुविशारदाच्या पाटीवर रेखाटली जाण्यापूर्वी सरकारी दफ्तरात लिहिली गेली होती. म्हणून या महालाची शोभा वर्णन करण्याआधी त्याच्या मक्त्याचा कागद वाचणे मला अगत्याचे वाटते.

राज्याने जुगारापासून उत्पन्न घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमून, सर्व द्यूत एकाच ठिकाणी चालावे आणि अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, अशी व्यवस्था सांगितली. जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत हे तर त्याने सांगितलेच. पण त्यावर फाशांचे व कवड्यांचे भाडे, जागेचे भाडे आणि पाण्याचेही मोल वसूल करावे, हे सांगण्यास तो विसरला नाही. पाण्याचे मोल, हे विशेष लक्षात ठेवावे. खेळणारा जेथे बसतो तेथे त्याला तहान लागणार, तो दमणार, त्याला सावली हवी असणार, आणि या प्रत्येक गरजेवर कर बसविता येतो, हे त्या कठोर अर्थशास्त्रज्ञाने ओळखले होते. आजच्या कॅसिनो-हॉटेलातील तरणतलाव, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे ही त्याच पाण्याच्या मोलाची वाढलेली रूपे आहेत.

खुद्द सिंगापुरातही ही गोष्ट नवी नव्हती. १८१९ मध्ये इंग्रजांचे ठाणे तेथे बसले आणि दुसऱ्याच वर्षी रेसिडेन्ट फारकरने, वसाहतीचा खर्च भागविण्यासाठी, अफू, दारू आणि जुगार यांचे मक्ते लिलावाने देण्यास प्रारंभ केला. ठाण्याचा संस्थापक रॅफल्स याला हे मुळीच रुचले नाही. त्याने १८२३ मध्ये जुगारखाने बंद केले. पण त्याची पाठ वळताच पुढचा रेसिडेन्ट क्रॉफर्ड याच्या अमदानीत मक्ता पुन्हा सुरू झाला आणि १८२९ मध्ये तो कायमचा रद्द ठरला. कायमचा, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपुरता. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारने १९६८ मध्ये ‘सिंगापूर पूल्स’ स्थापून सोडती आपल्या हाती घेतल्या, घोड्यांच्या शर्यती तर चालूच होत्या. तथापि कॅसिनोला मात्र दार उघडायचे नाही, असा पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचा दीर्घकाळ कटाक्ष होता. या दोन धोरणांत मला स्वतःला फारशी तर्कसंगती दिसत नाही. पण धोरणाला तर्काहून सवयीचा आधार अधिक असतो, आणि ती सवय मोडण्यास २००३ मधील सार्सची साथ, ओस पडलेली हॉटेले आणि मकावने आपल्या कॅसिनोंची जुनी मक्तेदारी मोडून परदेशी भांडवलास दिलेला प्रवेश, ही निमित्ते पुरेशी झाली. वर्षभर वाद झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांनी विरोध नोंदविला, हजारो नागरिकांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले, मंत्रिमंडळातही मतभेद असल्याचे उघडपणे सांगण्यात आले. आणि १८ एप्रिल २००५ रोजी पंतप्रधान ली स्येन लूंग यांनी संसदेत दोन कॅसिनो उभारण्याचा निर्णय जाहीर केला. अधिकृत भाषेत मात्र त्यांना कॅसिनो म्हटले गेले नाही. ‘एकात्मिक विहारसंकुल’ असे भारदस्त नाव योजण्यात आले.

यानंतर निविदा निघाली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचारणीय कागद तोच होय. जमिनीची किंमत सरकारने आधीच १२० कोटी सिंगापूर डॉलर अशी ठरवून टाकली. म्हणजे अधिक बोली लावून जागा बळकाविण्याचा मार्गच बंद झाला. मग निवड कशावर? पर्यटनाला होणाऱ्या लाभास शंभरांपैकी चाळीस गुण, वास्तुकल्पनेस तीस, गुंतवणुकीस वीस आणि संस्थेच्या सामर्थ्यास दहा. श्रोतेहो, जुगाराचा परवाना देताना इमारतीच्या सौंदर्याला तीस गुण देणारी सत्ता मला दुसरी आठवत नाही. आपल्याकडे शाळेची इमारत बांधतानाही सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा शिरस्ता आहे. चार समूहांनी निविदा भरल्या आणि मे २००६ मध्ये मरीना उपसागराची जागा ‘लास वेगास सॅन्ड्स’ या अमेरिकन कंपनीला मिळाली.

या कंपनीचे तत्कालीन प्रमुख शेल्डन एडेलसन हे बॉस्टनमधील एका टॅक्सीचालकाचे पुत्र. कॅसिनोच्या धंद्यात ते शिरले जुगाराच्या नव्हे, तर संगणक-प्रदर्शनांच्या दाराने, आणि तेथूनच एक साधे सत्य त्यांनी हेरले होते: जुगारी आणि प्रवासी शनिवार-रविवारी येतात, सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या राहतात, त्या भरावयाच्या तर परिषदा आणि प्रदर्शने भरवावीत, कारण व्यापारी मनुष्य आठवड्याच्या मधल्या दिवसांतच येतो आणि त्याचे बिल त्याची कचेरी भरते. सिंगापूर सरकारलाही परिषदांचेच शहर व्हावयाचे होते. दोघांची गरज अशी जुळली, आणि त्यातून १ लाख २० हजार चौरस मीटरांचे प्रदर्शन व परिषद केंद्र त्या संकुलात उभे राहिले.

वास्तुविशारद मोशे सफदी हे हैफा येथे जन्मलेले आणि माँट्रियलच्या ‘हॅबिटॅट ६७’मुळे तरुण वयातच कीर्ती पावलेले गृहस्थ. त्यांच्यापुढील अडचण अशी होती की, नगररचना खात्याला शहरातून समुद्राकडे जाणारी दृष्टी अडता कामा नये असे वाटत होते, आणि अडीच हजारांवर खोल्यांचे हॉटेल एका सलग इमारतीत घातले असते तर उपसागरावर भिंतच उभी राहिली असती. म्हणून त्यांनी पंचावन्न मजल्यांचे तीन मनोरे विलग उभे केले, आणि मधल्या फटींतून समुद्र व आकाश दिसत राहील असे केले. पण अशा मांडणीत खाली उद्यानासाठी आणि तलावासाठी जागा उरली नाही; तेव्हा उद्यान उचलून माथ्यावर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या नौकेला पाहून जग विस्मित होते ती कोणाच्या लहरीतून निघालेली नसून, खालच्या जमिनीच्या टंचाईतून आणि एका सरकारी अटीतून निघाली आहे, हे जाणल्यावर तिच्याविषयीचा माझा आदर कमी न होता वाढला.

ही नौका ३४० मीटर लांब आहे आणि उत्तरेकडील मनोऱ्याच्या पुढे तिचा सुमारे ६५ मीटरांचा भाग निराधार अधांतरी गेला आहे. तिचा पोलादी सांगाडा चौदा मोठ्या तुकड्यांत जमिनीवरून दोरखंडी जॅकांनी दोनशे मीटर वर खेचण्यात आला. प्रत्येक मनोरा वस्तुतः दोन पायांचा आहे. पूर्वेचा पाय तळाशी २६ अंशांपर्यंत कललेला असून तेविसाव्या मजल्याजवळ तो पश्चिमेच्या सरळ पायाला मिळतो, आणि दोहोंमधील पोकळीत हॉटेलचे भव्य दालन तयार झाले आहे. खाली भूमी कोणती, तर समुद्र हटवून भराव घातलेली. तिच्या तळाशी लोण्यासारखा मऊ सागरी चिखल. अशा जमिनीवर तीन मनोरे वाऱ्याने आपापल्या गतीने डोलणार, वर्षानुवर्षे थोडथोडे खचणार, हे गृहीत धरूनच वरच्या दीडशे मीटर तलावात सांधे ठेवले आहेत आणि तलावाखाली सुमारे पाचशे जॅक बसविले आहेत, की जेणेकरून एक मनोरा बोटभर खाली गेला तरी पाण्याची कड समतल राहावी. तलावात पोहणाऱ्याला कडा दिसत नाही, पाणी थेट आकाशात मिळाल्यासारखे वाटते. हा दृष्टिभ्रम टिकविण्यासाठी खाली केवढा चिवट हिशेब चालू असतो! तलाव मात्र हॉटेलात उतरलेल्यांसाठीच राखीव आहे. इतरांनी तिकीट काढून नौकेच्या नाळेवर उभे राहावे आणि नगराचे दर्शन घेऊन परतावे.

बांधकामाच्या ऐन मध्यावर, २००८ मध्ये, जागतिक अर्थसंकट कोसळले. कंपनीच्या समभागांचा भाव रसातळाला गेला, मकावमधील नवी कामे अर्धवट सोडण्यात आली, एडेलसन कुटुंबाला स्वतःची मोठी रक्कम ओतावी लागली. सिंगापूरचे काम तेवढे थांबविले गेले नाही. खर्च वाढत जाऊन आठ अब्ज सिंगापूर डॉलरांच्या घरात पोहोचला. अखेर २७ एप्रिल २०१० रोजी दुपारी ३ वाजून १८ मिनिटांनी कॅसिनोचे दार उघडले. हा मुहूर्त होता, हे आपल्याला वेगळे सांगावयास नकोच. पोलादाचा ताण दशांशापर्यंत मोजणारी मंडळी दार उघडताना शुभवेळ पाहतात, हे वाचून मला परकेपणा मुळीच वाटला नाही.

आता सुखसोयींचा विचार. कायद्याने द्यूताच्या जागेस मुळात कमाल १५ हजार चौरस मीटरांची मर्यादा घातली होती आणि सर्व संकुलाचे क्षेत्र साडेपाच लाख चौरस मीटरांहून अधिक भरते. म्हणजे शंभरांत तीन भागही जुगाराला नाहीत. बाकीच्या सत्त्याण्णव भागांत दुकाने आहेत, परिषदगृहे आहेत, नाट्यगृह आहे, जेथे २०११ मध्ये ‘द लायन किंग’चे प्रयोग झाले, दहा पाकळ्यांच्या कमळासारखे कला-विज्ञान संग्रहालय आहे, ज्याच्या छपरावरचे पावसाचे पाणी मध्यभागी एकवटून आतल्या कुंडात कोसळते, आणि दुकानांच्या रांगेतून वाहणारा एक कालवाही आहे, ज्यात सांपान नावाची होडी चालते. एडेलसन यांनी लास वेगासमध्ये व्हेनिसचे कालवे आणि गोंडोले उभारले होते, त्यांचीच ही नक्कल. नकलेची नक्कल म्हणून हा कालवा मला सर्व संकुलात क्षुद्र वाटतो, आणि नेमकी तेथेच गर्दी अधिक असते. परंतु उत्पन्नाचा ताळेबंद पाहिला तर चित्र उलटे होते: दोन-तृतीयांशांहून अधिक प्राप्ती त्या तीन टक्के जागेतून येते. संग्रहालयाचे कमळ त्या टेबलांच्या बळावर फुलले आहे. सरकारने जाणूनबुजून हे घडविले. सार्वजनिक खजिन्यातून ज्या इमारती बांधण्यास नागरिकांनी संमती दिली नसती, त्या त्याने जुगाऱ्याकडून बांधून घेतल्या.

पण कोणत्या जुगाऱ्याकडून? हा प्रश्न टाळून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रांस्वा ब्लांक याने माँटे कार्लो वसविले तेव्हा मोनॅकोच्या प्रजाजनांना खेळण्यास बंदी होती, आणि १८६९ मध्ये तेथील राजाने आपल्या प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ केले. इतरांच्या नुकसानीवर आपल्यांचा संसार चालावा, असा तो सरळ हिशेब होता. सिंगापूरने बंदीऐवजी प्रवेशशुल्क लावले: नागरिकाने आणि कायम रहिवाशाने सुरुवातीला चोवीस तासांना १०० डॉलर अथवा वर्षाला २,००० डॉलर भरावेत, परदेशीयाने पारपत्र दाखवून फुकट आत जावे. दिवाळखोरांना व सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना प्रवेश नाही, आणि बायको किंवा मुलगा अर्ज करून घरच्या माणसाला मज्जाव करवू शकतो. ही शेवटची तरतूद मला मनापासून आवडते. शुल्काविषयी मात्र माझे मन साशंक आहे. शंभर डॉलर भरून आत गेलेला मनुष्य ते वसूल करण्यासाठीच चोवीस तास बसून राहील, हे ओळखण्यास फार मोठे मानसशास्त्र लागत नाही. शिवाय मोठ्या रकमा खेळणाऱ्या धनिकांवरील कराचा मूळ दर शेकडा अवघा पाच होता. कौटिल्याचा दर तोच, फरक एवढाच की तो जिंकणाऱ्याकडून घेई आणि हा घरमालकाच्या प्राप्तीतून घेतला जाई.

नागरिकाला एक नियम आणि परक्याला दुसरा, हा आप-परभाव आपल्या उंबरठ्यापाशीही आहे. गोव्यात १९७६ च्या कायद्यात नंतर दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि मग नौकांवर टेबले आली; आज पणजीजवळ मांडवीच्या पात्रात त्या नौका नांगरून असतात, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना त्यांवर पाऊल ठेवण्यास मनाई आहे. म्हणजे पाहुणा म्हणून जो जातो तो बहुतांशी मुंबई-पुण्याचा, बेळगावचा किंवा हैदराबादचा. इकडे महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयी कायदा केला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचे ठरविले; इतकी वर्षे तो दफ्तरात पडून राहिला. मांडवीतील नौकांनी पणजीला किती महसूल दिला याचे आकडे विधानसभेत अधूनमधून मांडले जातात; पण त्या मक्त्याच्या अटीत एखादे संग्रहालय, एखादे परिषदगृह, इतकेच काय पण नदीकाठी बसावयाची एखादी बरी जागा बांधून देण्याचे कलम असल्याचे माझ्या वाचनात नाही. मक्ता द्यावा की न द्यावा यावर आपण हिरिरीने भांडतो. द्यावयाचाच झाला तर त्यात काय लिहावे, इकडे लक्ष जात नाही.

सिंगापूरचे लक्ष अद्याप तेथेच आहे. २०१९ मध्ये दोन्ही कॅसिनोंची अनन्य सवलत २०३० पर्यंत वाढविण्यात आली. त्याच्या मोबदल्यात मरीना बे सॅन्ड्सने चौथा मनोरा आणि १५ हजार आसनांचे रंगमंदिर बांधावयाचे कबूल केले, सरकारने द्यूताच्या जागेत आणखी २ हजार चौरस मीटर वाढविण्याची मुभा दिली, आणि नागरिकांवरील प्रवेशशुल्क दीडपट, म्हणजे रोजचे १५० आणि वर्षाचे ३,००० डॉलर, केले. चौथ्या मनोऱ्याचे भूमिपूजन २०२५ मध्ये झाले असून त्याचे वास्तुविशारदही सफदीच आहेत.