दर बदलतो, आज्ञावली नव्हे
(दिग्रस येथील व्याख्यान)



दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीही आज दुकानातील बिल संगणकावर निघते. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून शून्यावर आला, तर केशतेलावरील 18 वरून 5 टक्क्यांवर. असे दर आज्ञावलीच्या पोटातच लिहिलेले असतील, तर दुकानदाराला प्रत्येक बदलासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. म्हणून दर निराळ्या फाईलमध्ये नोंदवावेत, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे.

तथापि, फाईल वेगळी केल्याने काम संपत नाही. ती वाचण्याची रीतही सुलभ हवी. ‘विंडोज’च्या जुन्या आयएनआय फाइलींत ‘नाव = मूल्य’ अशी साधी ओळ असे. 2002 साली आलेल्या ‘डॉटनेट’ने एक्सएमएलची मांडणी स्वीकारली. सामर्थ्य वाढले, तशी गुंतागुंतही वाढली.

चांगल्या रचनेत आज्ञावलीने एकच प्रश्न विचारावा : अमुक वस्तूचा अमुक दिनांकास दर किती? फाईल कोठे आहे, कशी लिहिली आहे, याची तिला चिंता नसावी. दरासोबत अंमलाचा दिनांक नोंदलेला असावा, म्हणजे 21 सप्टेंबरच्या बिलाची प्रत काढताना 12 टक्केच दिसतील. आणि नोंद सापडली नाही, तर संगणकाने मुकाट्याने शून्य धरू नये. कोणती नोंद नाही, ते स्पष्ट सांगावे. कारण वह्यांच्या बाबतीत शून्य हाच खरा दर आहे. ‘कर नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांतील हा भेद ग्रामपंचायतीच्या करआकारणीतही तितकाच मोलाचा ठरतो.