गुडघ्यातलं इंजेक्शन
"गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी गटातून कर्ज द्या," अशी मागणी आली, तेव्हा आम्ही आधी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं: सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसते, म्हणून औषध नेमकं सांध्यात सोडता येतं. स्टेरॉइडने दुखणं काही आठवडे, कधी काही महिने कमी होतं. झिजलेली गादी मात्र भरून येत नाही. साखरेचा आजार असेल तर आधीच सांगा, इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. नंतर ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, तर लगेच दवाखाना गाठा. आराम पडला म्हणून ओझी उचलू नका. त्या दिवसांत मांडीचे व्यायाम शिका. कर्ज आम्ही दिलं. अट एकच घातली: बैठकीला येऊन व्यायाम करून दाखवायचा. आता सगळ्याच करतो!