जंगलाची वही कुणाच्या हातात?

(साखरशेत, ता. जव्हार येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)



मुंबईहून येताना तुमच्यातला एकजण गाडीत म्हणाला, "जंगल, झाडं, हवामान हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपला काय संबंध?" तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

तू पहाटे ज्या नळावर भांडून हंडा भरतोस, त्या पाण्यात इथलंही पाणी आहे. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. 102 मीटर उंच. पाणी मुंबईला जातं. आणि त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात बाया रिकामे हंडे लावून टँकरची वाट बघतात. पाऊस काय कमी पडतो इथं? धो धो पडतो. पण खाली काळा कातळ. वर माती, पालापाचोळा, मुळं असतील तर पाणी थांबतं, मुरतं. नसतील तर मातीला बरोबर घेऊन पसार होतं.

त्यात पावसाची चाल बदलली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढले. म्हणजे उघड्या डोंगराला आता अधिक जोराचा मार.

मग डोंगर उघडा केला कुणी? साहेबांचं उत्तर ठरलेलं. हे लोक. हे राब जाळतात, फांद्या तोडतात, गुरं सोडतात. हे उत्तर नवं नाही बरं का. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर इंग्रज सरकारनं बंधनं आणली, लोक खवळले, आणि 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. गोरा साहेब गेला. उत्तर तेच राहिलं.

या उत्तराची तपासणी एका शास्त्रज्ञानं केली, ती गोष्ट सांगतो. माधव गाडगीळ. जन्म पुण्यात, 1942. चांगल्या घरातला, हार्वर्डला शिकलेला माणूस. म्हणून सोडून देऊ नका, नीट ऐका. 1970 च्या दशकात कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद गिरणीचा बांबू संपत चालला. खात्याचं म्हणणं, गावकऱ्यांच्या गुरांनी खाल्ला. गाडगीळ बंगळूरहून जंगलात गेले, बेटं मोजली, गावकऱ्यांशी बोलले. गावकरी म्हणाले, साहेब, बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं, तेच कोवळ्या कोंबांना राखतं. खातं ते काटे साफ करायला लावतं. मग कोंब उघडे पडतात, गुरं खातात, साळिंदर खातं. मोजणी केल्यावर निघालं काय? गावकऱ्यांचं खरं. खात्याचं "शास्त्रीय व्यवस्थापन"च बांबूच्या मुळावर उठलेलं.

आणि भाव ऐका. गिरणीला बांबू टनाला दीड रुपयानं. टोपल्या विणणाऱ्या मेदारांना, म्हणजे आपल्याकडच्या बुरुडांना, तोच बांबू बाजारभावानं, टनाला हजारोंनी. जातीनं ज्याच्या हातात बांबू दिला त्याला महाग, आणि भांडवलवाल्याला फुकट. याला जंगलशास्त्र म्हणतात का?

आता सालं नवं सोंग आलंय. कार्बन. हवेतला कार्बन झाडं शोषतात, तेव्हा झाडं लावा, हिशेब दाखवा. पण झाड म्हणजे जंगल नव्हे. सरकारी वन सर्वेक्षणाची व्याख्या वाचा. एक हेक्टरच्या वरची जमीन, दहा टक्क्यांच्या वर झाडांची सावली, की झालं वनाच्छादन. मालकी कुणाचीही, झाड कुठलंही. निलगिरीची लागवड चालते, आंब्याची बाग चालते. आणि शास्त्र काय सांगतं? 2019 मध्ये सायमन लुईस आणि इतरांनी 'नेचर'मध्ये हिशेब मांडला. आपोआप वाढू दिलेलं नैसर्गिक जंगल लागवडीच्या सरासरी चाळीसपट कार्बन साठवतं. कारण उघड आहे. लागवड दर काही वर्षांनी तोडतात, कार्बन परत हवेत.

माझंही ऐका. विद्यार्थी असताना मी याच तालुक्यात झाडं मोजत फिरलो. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा. ऐन, मोह, साग, पळस. एक म्हातारी दिवसभर बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "पोरा, यात शेवळं कुठं लिवलीस?" नव्हती लिहिली. शेवळं, कडूकंद, टाकळा, कशालाच रकाना नव्हता. पहिल्या पावसात घरातली कणगी रिकामी असते तेव्हा हीच माणसं त्या शेवळांवर दिवस काढतात. माझ्या वहीत जंगल होतं, पण त्यातलं जेवण नव्हतं. झोपडपट्टीत उपाशी झोपलेला मी, आणि हे मला सुचू नये! शिक्षणानं माझे डोळे पण त्यांच्यासारखेच केले होते.

कायदा आहे. 2006 चा वनहक्क कायदा. सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क तो ग्रामसभेला देतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर तो मिळवला आणि 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. पण त्याच कायद्यात आपल्यासाठी खोच आहे. जंगलात राहणारा दलित "इतर पारंपरिक वननिवासी". त्यानं तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा द्यायचा. ज्याला गावात जमीन दिली नाही, सातबाऱ्यावर नाव चढवलं नाही, त्यानं कागद आणायचा कुठून? हे काम तुमचं आहे. जुनी गॅझेटियरं, महसुली कागद, म्हाताऱ्यांचे जबाब, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. शहरातल्या दप्तरखान्यात बसून ते शोधायला लिहितावाचता येणारी पोरं लागतात.

आणि ग्रामसभेनं जंगलाचा आराखडा करायचा तर मोजणी पण ग्रामसभेचीच हवी. मोजणं मी शिकवतो, दोन दिवसांत येतं, त्यात काही ब्रह्मविद्या नाही. उद्या सकाळी सातला निघू. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखू. टेप माझी. नावं इथल्या बाया सांगतील तीच लिहायची, लॅटिन नंतर बघू. आणि पहिला रकाना शेवळांचा.