कर्ता कोठे गेला?



व्याकरणावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे इंग्रजी झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्याने मालकावर असे बंधन घातले होते की, कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत फाटकाजवळ लावावेत. दोन्ही कागद शेजारी शेजारी वाचीत गेले म्हणजे साहेबाचे वाक्य मराठीत कसे उतरते ते दिसते. "कामगारास कामावरून कमी करण्यात येत आहे." कोण कमी करतो? वाक्यात कोणीच नाही!

शाळेत शिकवितात की, कर्तरी वाक्य उलटे फिरविले की इंग्रजी 'पॅसिव्ह' तयार होते. अर्थ तोच राहतो. रोनाल्ड लँगॅकर या अमेरिकन भाषापंडिताने १९८२ साली वेगळे मत मांडले. वाक्यरचना बदलली की प्रसंगाकडे पाहण्याची जागाच बदलते, असे त्याचे म्हणणे. आपला मुलूख कुस्तीचा आहे, तेव्हा हे समजायला जड नाही. "अमक्याने तमक्याला पाडले" आणि "तमका पाडला गेला": कुस्ती एकच, पण पहिल्या वाक्याची नजर वरच्या मल्लावर, दुसऱ्याची खालच्यावर. आणि दुसऱ्यात वरचा मल्ल आखाड्यातून निघून गेला तरी वाक्याचे काही अडत नाही.

आपला जुना कर्मणी प्रयोग असा नाही. "हमालाने पोती उचलली." क्रियापद पोत्यांमागे गेले, तरी हमाल तोंडाशी उभाच आहे. सांगलीच्या हळदपेठेतला म्हातारा हमाल म्हणतो, "माझ्याच्याने आता पोतं उचलवत नाही." व्याकरणकार याला शक्य कर्मणी म्हणतात. यात माणूस तर आहेच, त्याची मोडलेली पाठही आहे. कर्त्याला गुपचूप घरी पाठविणारे ते "करण्यात आले" कचेऱ्यांतून बोकाळले.

पण त्यात दर वेळी लबाडीच असते असे नव्हे. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा करण्यात आला, १९६० साली त्याला सांगली हे नाव देण्यात आले. इथे कोणी केले हे कोण विचारतो? लक्ष जिल्ह्याकडे आहे, सरकार गृहीतच आहे. आणि खरे सांगायचे तर, "मुकादमाविरुद्ध तक्रार करण्यात आली आहे" असे आम्हीही मुद्दाम लिहितो. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव घातले की दुसऱ्या दिवशी तिचा रोज बुडतो. म्हणजे ही रचना बलवंताला लपविते तशी दुबळ्यालाही आसरा देते. कोणत्या कागदात कोण लपला आहे, एवढे पाहावे लागते.

वाटाघाटीत "चौकशी करण्यात येईल" असे उत्तर आले की आम्ही एवढेच विचारतो, "कोण करील?" मग साहेब चष्मा पुसू लागतात. नाव आणि तारीख लिहून मिळेपर्यंत आम्ही खुर्ची सोडत नाही.