गावची हवा मोजणारे हात

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पाऊस, पाणी, माती, बियाणे यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी हवेविषयी बोलणार आहे, आणि त्याहून अधिक हवेचा अभ्यास करणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी. ही मंडळी उद्या आपल्या गावात येतील. त्यांना काय शिकवून पाठवावे, आणि ती दारात आली म्हणजे आपण काय करावे, हा आजचा विषय आहे.

हवेचे प्रदूषण म्हटले की मुंबई-दिल्लीचे नाव निघते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील जी शहरे आली, त्यांत आपल्या एका बाजूचे लातूर आहे आणि दुसऱ्या बाजूचे सोलापूरही आहे. मधला धाराशिव जिल्हा त्या यादीत आला नाही. कार्यक्रम शहरांसाठी असल्याने कळंब-परांड्याच्या स्वयंपाकघरातला किंवा उमरग्याच्या खळ्यावरचा धूर-धुरळा त्यात मोजला जाण्याचा प्रश्नच नव्हता. मोजले नाही म्हणजे नाही, असा मात्र अर्थ होत नाही. मळणी यंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभा राहणारा गडी रात्री खोकतो, हे आपणास ठाऊक आहेच.

चुलीच्या धुराचे मोजमाप आपल्या देशात कसे सुरू झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९८१ मध्ये कर्क स्मिथ हे पस्तिशीच्या आतले अमेरिकन संशोधक भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील चार गावांत गेले. हवा ओढणारे छोटे पंप त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याच अंगावर लावले. स्वयंपाकाच्या वेळी त्या स्त्रियांच्या नाकाशी दर घनमीटर हवेत कित्येक हजार मायक्रोग्रॅम कण आढळून आले. स्मिथ २०२० मध्ये वारले, परंतु त्यांच्यासोबत काम केलेल्यांची पिढी उभी राहिली. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील डॉ. कल्पना बालकृष्णन यांचे या क्षेत्रातील काम जगभर मानले जाते. एका माणसाने चार गावांत सुरू केलेले काम शिष्यपरंपरेने वाढते. म्हणून प्रशिक्षणाला मी यंत्रांपेक्षा अधिक महत्त्व देतो.

आता हे शिक्षण नेमके कसले? घातक असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. आपल्या केसाच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग केले तर एक भाग जेवढा, साधारण तेवढा हा कण. तो नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तो मोजण्याची खात्रीची रीत म्हणजे गाळणीचा पातळ कागद आधी तोलायचा, पंपाने ठरावीक हवा त्यातून ओढायची आणि कागद पुन्हा तोलायचा. वजन वाढले ते कणांचे. ऐकायला सोपे आहे. पण कागदाला बोट लागले, तोलण्याच्या खोलीत दमटपणा वाढला, पंप मध्येच बंद पडला, तर दिवसाचे काम वाया जाते. प्रकाशाच्या साहाय्याने लगेच आकडा दाखवणारी स्वस्त यंत्रेही निघाली आहेत. ती सोयीची खरी, परंतु धुके आणि दमट हवा यांनी ती फसतात व फुगवून आकडा दाखवतात. म्हणून त्यांचा आकडा अधूनमधून गाळणीच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. दूध संकलन केंद्रावरच्या फॅटच्या यंत्राविषयी आपण जी शंका घेतो, तीच शंका संशोधकाने स्वतःच्या यंत्राविषयी रोज घ्यावी.

दुसरा भाग माणसाचा. फुप्फुसाची ताकद फुंकून मोजतात. जोर लावून, पूर्ण हवा संपेपर्यंत, निदान तीन वेळा नीट फुंकावे लागते. आजीबाईंकडून हे करून घेणे सोपे नाही. प्रश्नावलीचेही तसेच आहे. ‘तुम्हाला दमा आहे का?’ असे विचारले तर ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तेथे ‘नाही’ हेच उत्तर मिळते. ‘घागर घेऊन चढ चढताना धाप लागते का, मध्ये थांबावे लागते का?’ असे विचारले तर खरे कळते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार ज्यांना होतो, त्यांपैकी जगात पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी कधीच विडी-सिगारेट ओढलेली नसते. यात आपल्या चुलीपुढच्या माउल्या किती, हे विचारल्याशिवाय कसे समजणार?

आणि मिश्रीविषयी विचारलेच पाहिजे. तंबाखू तव्यावर भाजताना धूर होतो तो निराळा, पण मिश्रीमुळे बाळाचे वजनही घटते. हे न विचारता आलेला संशोधक सगळा दोष चुलीवर टाकून मोकळा होईल. शहरात वाढलेल्या मुलाला मिश्री हा शब्दच माहीत नसतो. अशा वेळी आपल्या गावची आशाताई त्याची गुरू ठरते.

तीच गोष्ट हंगामाची. सुट्टीच्या सोयीने कोणी जुलैत यंत्र लावून गेला तर ‘गावची हवा उत्तम’ असा निष्कर्ष निघेल. सोयाबीनची मळणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, ज्वारीची त्यानंतर काही महिन्यांनी, उसाचे पाचट पेटते ते गाळपाच्या दिवसांत. तुराट्या जळतात त्या तूर निघाल्यावर, आणि पावसाळ्यात ओल्या जळणाचा धूर घरातच कोंडतो. हे वेळापत्रक प्रयोगशाळेत नाही, आपल्याकडे आहे. माझ्या मते तरुण संशोधकाने पहिले वर्ष पुस्तकापेक्षा एका गावाच्या शेतीसोबत काढावे. पुणे जिल्ह्यात वढू परिसरातील गावांत के.ई.एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून तीच तीच घरे पुन्हा पुन्हा भेटून आरोग्याची नोंद ठेवू लागले. आपल्याकडे अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने नव्वदच्या दशकापासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे जिल्ह्यातील गावांत रक्तक्षयाचा अभ्यासही झाला. म्हणजे पाया आहे. त्यावर हवेचा अभ्यास उभा करता येईल.

सर्वांत अवघड धडा मात्र प्रामाणिकपणाचा आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गर्भवती स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. आपल्याकडे तो तमिळनाडूत झाला. निम्म्या स्त्रियांना गॅस व शेगडी फुकट दिली. त्यांच्या श्वासातील बारीक कण चुलीवाल्यांच्या सुमारे ७० मायक्रोग्रॅमच्या तुलनेत २४ वर आले. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. एवढा धूर घटला, तर बाळे वजनदार होतील अशी सर्वांची आशा होती. २०२२ मध्ये निकाल आला: जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक नाही. संशोधकांनी तो तसाच छापला. गॅस मिळाला तो दिवस गेल्यानंतर, त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या धुराचे काय, असे प्रश्न त्यातून पुढे आले. यावरून चूल निर्दोष ठरत नाही. आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर नव्या वाणाने उतारा दिला नाही तर तेही लिहावे लागते, तसेच हे आहे. (आमच्यातील काहींना ते जड जाते, हा भाग वेगळा.)

आपली मुले-मुलीही या कामात जाऊ शकतात. डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. सांख्यिकी, रसायनशास्त्र, कृषी, परिचर्या, समाजकार्य, कोणतीही वाट येथे येऊन मिळते. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार आहे. परभणीच्या आपल्या गृहविज्ञान (आता सामुदायिक विज्ञान) महाविद्यालयात शेतकरी स्त्रियांच्या कष्टांचा अभ्यास वर्षानुवर्षे होत आला आहे. दहावी-बारावीनंतर मुलीला गणित सोडू देऊ नका, एवढेच सुचवतो.

आणि कोणी पंप घेऊन दारात आले तर त्यांना बसवा, पण विचारा. अभ्यास कशासाठी, कोणाच्या पैशाने, आमचे नाव गुप्त राहील ना, नको वाटले तर मध्येच सोडता येईल ना. घरातल्या बाईच्या अंगावर यंत्र लावायचे तर संमती तिचीच घ्या, आमची पुरणार नाही, हेही सांगा. आजार सापडला तर कोठे पाठवणार ते लिहून घ्या, आणि निकाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याचे कबूल करून घ्या. मग उत्तरे मात्र मोकळेपणाने द्या. ‘गॅस आहे’ एवढे सांगून थांबू नका. भाकरी कशावर होते, जनावरांची आंबोण कशावर शिजते, आणि पहाटे अंघोळीचे पाणी कोणत्या जळणावर तापते, तेही सांगा.