लहान टॅब्लेटची निवड : किंमत, उपयोग आणि आयुष्य

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवारापुढे अनेक निवडी असतात. कोणता वैकल्पिक विषय घ्यावा, कोणते संदर्भग्रंथ वाचावेत, कोणते वर्तमानपत्र लावावे. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका निवडीची भर पडली आहे. एका हातात मावणाऱ्या, सात-आठ इंची पडद्याच्या लहान टॅब्लेटांपैकी कोणता घ्यावा, ही ती निवड होय. वरकरणी हा प्रश्न घरगुती खरेदीचा वाटतो. परंतु हाच प्रश्न एखादे राज्य शासन लाखो विद्यार्थ्यांसाठी सोडवू लागते, तेव्हा तो सार्वजनिक वित्त, शिक्षण आणि औद्योगिक धोरण या तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करतो.

दोन्ही ठिकाणी होणारी चूकही सारखीच असते. ग्राहक एक तर ‘सर्वांत स्वस्त कोणता?’ असे विचारतो किंवा ‘सर्वांत वेगवान कोणता?’ असे विचारतो. वास्तविक पहिला प्रश्न असावयास हवा तो असा : हे साधन कोणत्या कामासाठी, किती वर्षे वापरावयाचे आहे आणि ते बिघडल्यास पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर निश्चित झाले की किंमत आणि वेग यांना आपापले योग्य स्थान मिळते.

लहान टॅब्लेटांची स्पर्धा

२०१० मध्ये ॲपल कंपनीने ९.७ इंची पडद्याचा आयपॅड बाजारात आणला. त्याच वर्षी सॅमसंगने सात इंची टॅब्लेट सादर केला. सात इंची पडदा टॅब्लेटच्या कामास अपुरा आहे, असे मत ॲपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीरपणे मांडले होते. मात्र दोनच वर्षांनी, २०१२ च्या उत्तरार्धात, त्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी विक्रीस आणला. दरम्यान ॲमेझॉनचा किंडल फायर (२०११) आणि गूगलचा नेक्सस ७ (२०१२) हे सात इंची टॅब्लेट अमेरिकेत १९९ डॉलरला उपलब्ध झाले होते. आयपॅड मिनीची प्रारंभिक किंमत ३२९ डॉलर होती.

किमतीतील ही तफावत केवळ सुट्या भागांच्या दर्जामुळे नव्हती. आपली कंपनी ही उपकरणे जवळपास उत्पादनखर्चातच विकते, असे ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१२ मध्ये सांगितले होते. कंपनीचा नफा पुढे विकल्या जाणाऱ्या पुस्तकांतून व चित्रपटांतून यावयाचा होता. याउलट ॲपलचा नफा प्रामुख्याने उपकरणाच्या विक्रीतूनच येत होता. यातून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे एक सूत्र मिळते. वस्तूची छापील किंमत आणि ग्राहकाला पडणारी एकूण किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वस्त उपकरणाची उर्वरित किंमत ग्राहक पुढे पुस्तकांच्या खरेदीतून, जाहिराती पाहून किंवा लवकर नवे उपकरण घेऊन चुकती करीत असतो.

‘आकाश’चा धडा

भारतात हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो ‘आकाश’मुळे. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत विकसित झालेल्या या टॅब्लेटचे अनावरण तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे केले. राजस्थानची भारतीय तंत्रज्ञान संस्था या प्रकल्पाचे काम पाहत होती आणि डेटाविंड ही कंपनी पुरवठादार होती. सुमारे पन्नास डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास असलेल्या किमतीमुळे या उपक्रमाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

तथापि या किमतीत बसविण्यासाठी ज्या तडजोडी कराव्या लागल्या, त्या वापरात लवकरच जाणवू लागल्या. प्रोसेसरची गती ३६६ मेगाहर्ट्झ आणि कार्यकारी स्मृती २५६ मेगाबाइट होती. पडदा ‘रेझिस्टिव्ह’ प्रकारचा होता. अशा पडद्यात एकावर एक असलेले दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकले, तरच स्पर्शाची नोंद होते. त्यामुळे बोट हलकेच फिरविणे पुरेसे होत नाही, दाब द्यावा लागतो. मंद गती, कठीण स्पर्श आणि अपुरी बॅटरी अशा तक्रारी पुढे आल्या. उपकरणाने कोणत्या चाचण्यांना उतरावे, याविषयी संस्था व पुरवठादार यांच्यात मतभेद झाले आणि २०१२ मध्ये प्रकल्पाची जबाबदारी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश’ची सुधारित आवृत्ती सादर झाली. तिच्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा ‘कपॅसिटिव्ह’ पडदा होता. शासनाला पडणारी किंमत मात्र जवळपास पूर्वीएवढीच होती. सुमारे तेरा महिन्यांत तेवढ्याच पैशांत जवळजवळ तिप्पट गती आणि दुप्पट स्मृती मिळाली.

या घटनाक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, ज्या वस्तूच्या किमती झपाट्याने उतरत असतात, तिच्या खरेदीत ‘किती’ याइतकेच ‘केव्हा’ यालाही महत्त्व असते. दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. किंमत आधी ठरवून तिच्यात उपकरण बसविले, तर कोठे कपात झाली हे वापरणाऱ्याला उशिरा कळते. उपयोग आधी ठरवून किंमत काढली, तर कपात कोठे करावयाची नाही हे प्रारंभीच स्पष्ट होते.

इंचांमागील भूमिती

उपयोगाच्या दृष्टीने पाहू गेल्यास परीक्षार्थीचे मुख्य काम वाचनाचे असते. म्हणून पडद्याचा विचार सर्वप्रथम करावा लागतो. पडद्याचे माप कर्णाने सांगितले जाते आणि तेथेच फसगत होते. १६:१० प्रमाणाच्या सात इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस इंच असते. ४:३ प्रमाणाच्या ७.९ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस इंच भरते. कर्णात एक इंचाहूनही कमी फरक असताना वाचनाची जागा सुमारे छत्तीस टक्क्यांनी वाढते. पायथागोरसचा सिद्धांत ज्ञात असणाऱ्या कोणालाही हा पडताळा घेता येईल.

याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. शासकीय अहवाल, आर्थिक पाहणी आणि पाठ्यपुस्तके बहुधा पीडीएफ स्वरूपात मिळतात व त्यांची पाने स्थिर मांडणीची असतात. अहवालांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर असते. सात इंची उभ्या पडद्याची रुंदी केवळ ९४ मिलिमीटर भरते. त्यामुळे मूळ बारा पॉइंटचे अक्षर साडेपाच पॉइंटच्याही खाली येते. ७.९ इंची पडद्यावर तेच अक्षर सुमारे सात पॉइंटचे दिसते. देवनागरीत वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे असल्याने एवढ्या लहान अक्षरांत वाचन डोळ्यांना शिणविते. म्हणून ज्याचे वाचन मुख्यतः पीडीएफ पानांचे आहे, त्याने रुंद पडद्यास प्राधान्य देणे श्रेयस्कर ठरते. पडद्यानुसार मजकुराची मांडणी बदलणाऱ्या ई-पुस्तकांसाठी किंवा ध्वनिचित्रित व्याख्यानांसाठी अरुंद पडदाही पुरतो.

क्षेत्रफळाबरोबर बिंदूंची घनताही पाहावी. पहिल्या ‘आकाश’च्या पडद्यावर एका इंचात सुमारे १३३ बिंदू होते. २०१२ च्या नेक्सस ७ वर ते सुमारे २१६ होते. घनता जितकी अधिक, तितक्या अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात. पडदा मोठा परंतु घनता कमी असेल, तर अक्षर मोठे दिसूनही धूसर राहते.

जाहिरातीत न दिसणारे आयुष्य

पडद्यानंतर विचार करावयाचा तो उपकरणाच्या आयुष्याचा. बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत दिलेली असते. परंतु बॅटरी किती तास टिकेल, हे पडदा व प्रोसेसर किती ऊर्जा खर्च करतात यावर अवलंबून असते. शिवाय लिथियम बॅटरीची धारणक्षमता काही शे वेळा भारित झाल्यावर घटू लागते. ती बदलून मिळते काय, कोणत्या शहरात आणि किती खर्चात, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी सेवाकेंद्र नसेल, तर उत्तम उपकरणही पहिल्याच बिघाडानंतर कपाटात पडून राहते.

दुसरी बाब संगणक प्रणालीची. निर्मात्याने सुरक्षाविषयक सुधारणा पुरविणे थांबविले की सुस्थितीतील उपकरणही हळूहळू निरुपयोगी होते. नवी उपयोजने चालत नाहीत आणि बँकव्यवहार असुरक्षित होतो. या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे निर्मात्याने जाहीर केले आहे काय, ते पाहावे.

तिसरी बाब सुरक्षिततेची व ग्राहकहक्कांची. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीच्या २०१२ च्या आदेशान्वये टॅब्लेटला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आवश्यक करण्यात आली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी टाकाऊ उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाचे दायित्व उत्पादकांवर ठेवले. दीर्घकाळ टिकणारा टॅब्लेट ग्राहकाचे पैसे वाचवितो, त्याचप्रमाणे कचऱ्याचा भारही कमी करतो.

निविदा आणि न्यूनतम दर

हेच निकष शासकीय खरेदीला लावले असता अडचण दिसून येते. सार्वजनिक खरेदीत द्विलिफाफा पद्धतीने प्रथम तांत्रिक पात्रता तपासली जाते व पात्र ठरलेल्यांपैकी न्यूनतम दर देणाऱ्यास सामान्यतः काम मिळते. पारदर्शकतेसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु तिचे सारे यश पहिल्या लिफाफ्यावर, म्हणजे तांत्रिक अटी किती विचारपूर्वक लिहिल्या आहेत यावर अवलंबून असते. अटीत केवळ ‘सात इंची पडदा’ असे लिहिले, तर बाजारातील सर्वांत निकृष्ट सात इंची पडदा पुढे येणे स्वाभाविक आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. आठ हजार रुपयांचा टॅब्लेट दोन वर्षे चालला, तर वर्षाला चार हजार रुपये खर्च पडतो. अकरा हजारांचा टॅब्लेट चार वर्षे चालला, तर वार्षिक खर्च २,७५० रुपये होतो. निविदेत मात्र पहिला न्यूनतम दराचा ठरतो. हमीचा कालावधी, जिल्हानिहाय सेवाकेंद्रे, बॅटरी बदलण्याचा दर आणि प्रणाली सुधारणांची वर्षे या अटी तांत्रिक पात्रतेत आल्या, तरच न्यूनतम दर हा खऱ्या अर्थाने न्यूनतम खर्च ठरू शकतो.

पुरवठ्याची बाजूही दुर्लक्षून चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने लॅपटॉप व टॅब्लेट यांची आयात निर्बंधित केली आणि पुढे आयातदारांसाठी ऑनलाइन अनुमतीची व्यवस्था लागू केली. त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान सामग्रीच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचा दुसरा टप्पा १७,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाला व त्यात टॅब्लेटचा समावेश होता. देशांतर्गत निर्मिती वाढली आणि तिच्याबरोबर सुटे भाग व दुरुस्तीची सोयही आली, तर उपकरणाचे आयुष्य वाढण्यास मदत होईल.

साधन आणि साध्य

योग्य उपकरण निवडल्यानंतरही एक प्रश्न उरतो. पेरू देशात ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मुलांच्या हाती संगणक आले, परंतु गणित व भाषा यांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही. भारतातील ग्रामीण भागाच्या ‘असर २०२४’ या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

उपकरणाबरोबर पाठ्यसामग्री, जोडणी आणि शिक्षक यांची साथ असावी लागते, हे आता धोरणकर्त्यांनीही ओळखले आहे. हरयाणाने मे २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘ई-अधिगम’ योजनेत सुमारे पाच लाख विद्यार्थ्यांसाठी टॅब्लेटबरोबर दररोज दोन गिगाबाइट डेटा आणि अध्ययनाचे सॉफ्टवेअर यांचीही तरतूद होती. महाराष्ट्रात नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या प्रशिक्षणार्थींना टॅब्लेटबरोबर इंटरनेट डेटा आणि ऑनलाइन मार्गदर्शन देण्याचा मार्ग स्वीकारला. ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ ही २०१७ मध्ये सुरू झालेली व्यासपीठे याच साखळीतील दुवे होत.

तात्पर्य, निवडीचा क्रम उलटा करावयास हवा. प्रथम काम, मग त्या कामास अनुरूप पडदा, मग दुरुस्तीसह आयुष्य आणि शेवटी दरवर्षीच्या खर्चाने मोजलेली किंमत. आज एका टॅब्लेटसाठी वडिलांच्या मिळकतीतून पैसे बाजूला काढणारा विद्यार्थी उद्या एखाद्या जिल्ह्यात अधिकारी म्हणून हजारो टॅब्लेटांच्या निविदेवर स्वाक्षरी करील. घरचे पैसे खर्च करताना जो विवेक सहज सुचतो, तोच त्या स्वाक्षरीच्या वेळी जागा राहिला, तर त्या जिल्ह्यातील मुलांच्या हाती चार वर्षे चालणारे साधन पडेल. विद्यार्थी मित्रहो, सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे शिक्षण अशा लहान निवडीपासूनच सुरू होते.