घाम आणि आम्लपित्त

रात्रीं जेवण उरकून अंथरुणास पाठ लागते न लागते तोंच छातींत जळजळ सुरू होते, घशाशीं आंबट पाणी येतें आणि अंगास घाम सुटतो. घरांतील वडील माणसें म्हणतात, "पित्त उसळलें!" आणि सोडा पाजतात.

अन्ननलिका जठरास मिळते तेथें स्नायूंचें एक वलय असतें. तें सैल पडलें म्हणजे आम्ल वर चढतें. जठर आणि घामाच्या ग्रंथि या दोहोंवर आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या मज्जासंस्थेची सत्ता आहे. त्यामुळें कांहीं रुग्णांस जळजळीबरोबर घामहि येतो. अशांनीं जेवणानंतर तीन तास निजूं नये आणि पलंगाची उशाकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी.

परंतु घाम थंडगार असेल, छातीवर ओझें वाटत असेल, दम लागत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर तें पित्त समजूं नये. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना बऱ्याच अंशीं एकाच मार्गानें मज्जारज्जूंत पोंचतात. म्हणून रुग्णास स्वतःलाहि त्यांतील भेद कळत नाहीं. मधुमेही माणसांत व स्त्रियांत तर कळ कित्येकदां अगदीं सौम्य असते. सोड्यानें ढेकर आली, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाहीं. त्यासाठीं विद्युत्-हृदयालेखच काढावा लागतो. महाराष्ट्रांत व गोव्यांत अशा वेळीं १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. अखेर तें पित्तच निघालें, तर एक फेरी व्यर्थ गेली, एवढेंच.